एक साखळी, दोन मालक
लिस्प भाषेतील सामायिक याद्या आणि त्या शिकवणारी पुस्तके : एक परीक्षण

आज्ञावलीतील चुका दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात संगणक थांबतो, पडद्यावर तक्रार उमटते, आणि आपण ओळ शोधून दुरुस्ती करतो. दुसऱ्या प्रकारात संगणक थांबत नाही, तक्रारही करत नाही. तो उत्तर देतो आणि ते उत्तर चुकीचे असते. त्यातही ते उत्तर खरे वाटण्यासारखे असेल, तर चूक वर्षानुवर्षे दडून राहू शकते. या दुसऱ्या प्रकारातील एका जुन्या दोषाबद्दल आणि तो पुस्तके कशी समजावतात याबद्दल आम्ही येथे लिहिणार आहोत. उदाहरणे लिस्प या भाषेतील आहेत. आपल्या शाळांत लिस्प शिकवली जात नाही, पण केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत शिकवल्या जाणाऱ्या पायथन भाषेतही हाच दोष जसाच्या तसा भेटतो. म्हणून हा विषय शिक्षकांच्या कामाचा आहे असे आम्हांला वाटते.

(लिस्पच्या ओळी येथे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत लिहाव्या लागतात.)

सुरुवात आमच्याच एका फजितीने करू.

काही वर्षांपूर्वी आम्ही दिवसभराच्या तापमानाच्या नोंदींवर काम करत होतो. सकाळी ६ पासून संध्याकाळी ६ पर्यंतच्या नोंदींची एक यादी, आणि प्रत्येक दिवसासाठी दोन आकडे काढायचे : मध्यक आणि सरासरी. मध्यक काढायचा तर नोंदी चढत्या क्रमाने लावाव्या लागतात. त्यासाठी लिस्पमध्ये 'सॉर्ट' नावाचे तयार फंक्शन आहे. आम्ही ते वापरले. आधी मध्यक काढला, मग त्याच यादीची सरासरी. नमुन्यादाखल दहा-बारा दिवसांची उत्तरे हाताने पडताळली, ती बरोबर आली, आणि सगळी माहिती आज्ञावलीत घातली.

निकाल मोठे रंजक निघाले. ज्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला होता, त्या दिवसांची सरासरी अपेक्षेपेक्षा वर आली होती. पावसाने गारवा येतो, मग सरासरी वर कशी? आम्ही विचार केला, ढगांमुळे उष्णता अडकत असेल, पावसाआधीच्या उकाड्याचा परिणाम असेल. चार पानांचे टिपण लिहून झाले. शेवटी एका विद्यार्थ्याने कागदावर एका दिवसाची बेरीज केली आणि विचारले, "सर, हे २६ यायला हवे. यंत्र २७ का सांगते?"

तो दिवस असा होता : २४, २६, ३१, २७, २२. बेरीज १३०, सरासरी २६. यंत्राचे उत्तर २७. हा एक अंश कोठून आला हे कळण्यासाठी लिस्पमधील यादी कशी बनते ते पाहावे लागेल.

दोन खणांची पेटी

लिस्पमधील यादी म्हणजे पेट्यांची साखळी. प्रत्येक पेटीला दोन खण असतात. पहिल्या खणात वस्तू, दुसऱ्या खणात पुढच्या पेटीचा पत्ता. पहिल्या खणातील गोष्ट देणाऱ्या फंक्शनला 'कार' म्हणतात, दुसऱ्या खणातील गोष्ट देणाऱ्याला 'कुडर'. ही चमत्कारिक नावे आयबीएम ७०४ या यंत्राची आठवण आहेत. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लिस्पचे काम सुरू केले तेव्हा हेच यंत्र हाताशी होते. त्याच्या स्मृतीतील प्रत्येक शब्द ३६ बिटांचा होता आणि त्यात १५-१५ बिटांचे दोन भाग होते : एक 'ॲड्रेस', दुसरा 'डिक्रिमेंट'. १५ बिटांत ३२,७६८ पत्ते मावतात, आणि या यंत्राला जास्तीत जास्त तेवढेच शब्द जोडता येत. म्हणजे एका शब्दात एक पूर्ण पेटी, दोन्ही पत्त्यांसह, नेमकी बसत असे.

यादीला आपण नाव देतो तेव्हा ते नाव साखळीतल्या एका पेटीकडे, बहुधा पहिल्या पेटीकडे, बोट दाखवते. नावाजवळ अख्खी यादी नसते, फक्त एक पत्ता असतो. हे वाक्य विद्यार्थ्याला कळले की निम्मे काम झाले.

आता आमच्या पाच नोंदी पाहा. 'नोंदी' हे नाव २४ च्या पेटीकडे बोट दाखवते. 'सॉर्ट'ने नव्या पेट्या बनवल्या नाहीत. त्याने जुन्याच पेट्यांच्या दुसऱ्या खणातील पत्ते बदलून साखळी नव्या क्रमाने ओवली : २२, २४, २६, २७, ३१. या नव्या साखळीची पहिली पेटी २२ ची, आणि 'सॉर्ट'ने उत्तर म्हणून तिचाच पत्ता परत दिला. मध्यक २६ निघाला, तो बरोबर. पण 'नोंदी' हे नाव अजून २४ च्याच पेटीकडे बोट दाखवत होते. तिथून पुढे वाचत गेले की यादी मिळते ती २४, २६, २७, ३१. बेरीज १०८, चार नोंदी, सरासरी २७. संध्याकाळचा गारवा, म्हणजे २२ ची नोंद, यादीतून गळून गेली होती.

नमुन्याचे दिवस बरोबर का आले? ते सगळे कोरडे दिवस होते. कोरड्या दिवशी सकाळी ६ ची नोंद बहुधा सर्वांत कमी असते. पहिली नोंदच सर्वांत लहान असेल, तर क्रम लावल्यावरही ती पहिलीच राहते आणि काहीही गळत नाही. चूक फक्त त्या दिवशी होत होती, ज्या दिवशी पुढे कधीतरी तापमान सकाळपेक्षा खाली गेले. आणि गळत होत्या त्या फक्त पहिल्या नोंदीपेक्षा लहान नोंदी, त्यामुळे चूक नेहमी वरच्या दिशेने होती. ती यादृच्छिक असती तर सरासरीत कदाचित विरून गेली असती. ती एका दिशेची होती, म्हणून तिच्यातून एक 'शोध' तयार झाला, आणि आम्ही त्या शोधाला कारणेही पुरवली. यंत्राच्या चुकीपेक्षा आमची ही तत्परता आम्हांला आजही अधिक बोचते.

दोष कोणाचा?

पेट्या सामायिक असणे हा दोष नव्हे. लिस्पची बरीच शक्ती त्यातच आहे. समजा 'अ' ही यादी (१ २) आणि 'ब' ही यादी (३ ४) आहे. (अपेंड अ ब) म्हटले की (१ २ ३ ४) मिळते. येथे 'अपेंड' १ आणि २ साठी दोन नव्या पेट्या बनवते, पण ३ आणि ४ साठी 'ब'च्याच पेट्या वापरते. 'ब' दहा हजार घटकांची असली तरी एकही जादा पेटी लागत नाही. कोणी काही बदलत नाही तोवर या वाटणीने कोणाचेही नुकसान नाही.

पत्ते बदलण्याची सोय असणे हाही स्वतःहून दोष नव्हे. रांग किंवा कोष्टक यांसारख्या रचना त्याशिवाय सोयीने बनत नाहीत.

दोष या दोहोंच्या भेटीत आहे. वरील उदाहरणात उत्तराला 'क' नाव द्या आणि 'क'चा तिसरा घटक बदलून ९९ करा. 'ब' आपोआप (९९ ४) होते. 'ब'ला हात लावणारी एकही ओळ आज्ञावलीत नाही, तरी 'ब' बदलली. उलट 'क'चा पहिला घटक बदलला तर 'अ'ला काहीच होत नाही. एकाच यादीचा अर्धा भाग स्वतःचा, अर्धा दुसऱ्याचा, आणि बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही.

याच जातीची आणखी तीन उदाहरणे थोडक्यात देतो.

'डिलीट' हे फंक्शन यादीतून घटक काढते. (४ ७ ९) मधून ७ काढला की यादीचे नाव पुढेही (४ ९) दाखवते. विद्यार्थी समजतो, जमले. पण ४ काढला तर उत्तर (७ ९) मिळते आणि नाव मात्र बहुतेक ठिकाणी (४ ७ ९) हेच दाखवत राहते, कारण ते अजून ४ च्या पेटीकडे बोट दाखवते. मधला घटक घेऊन चाचणी केली तर दोष सापडत नाही. पहिला घटक घेतला तरच सापडतो.

दुसरे उदाहरण आज्ञावलीत अवतरणचिन्ह लावून थेट लिहिलेल्या यादीचे. हजेरीचे एक फंक्शन घ्या : (डिफन नोंदव (नाव) (एनकॉन्क '(हजर) (लिस्ट नाव))). 'एनकॉन्क' पहिल्या यादीच्या शेवटच्या पेटीत दुसरीचा पत्ता लिहिते. सीतेचे नाव दिले की (हजर सीता) मिळते. पुढे गणेशचे नाव दिले की अनेक यंत्रांवर (हजर सीता गणेश) मिळते! '(हजर) ही यादी दर वेळी नव्याने बनत नाही. ती आज्ञावलीचाच भाग आहे, आणि फंक्शन स्वतःच्या अंगाला ठिगळ लावत बसले आहे. अशी यादी बदलल्यास काय होईल याची लिस्पचे १९९४ चे प्रमाणपत्रक कसलीच हमी देत नाही.

तिसरे, 'प्रत काढली म्हणजे सुटलो' हा समज. 'कॉपी-लिस्ट' फक्त वरच्या साखळीची प्रत काढते. पहिल्या खणात आणखी एखादी यादी असेल तर ती दोन्ही प्रतींत एकच राहते. आतपर्यंत प्रत हवी तर 'कॉपी-ट्री' वापरावे लागते.

पुस्तके काय सांगतात

हा धोका नवा नाही. लिस्प १.५ ची पुस्तिका १९६२ मध्ये निघाली. पेटीचा खण बदलणारी फंक्शने तिच्यात आहेत आणि त्यांनी यादी स्वतःच्याच शेपटाला जोडली जाऊन छपाई कधीच न संपण्याचा इशाराही आहे. तरीही दोष टिकला आहे. म्हणून शिकवणाऱ्या पुस्तकांकडे वळू.

एबलसन आणि सस्मन यांचे 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स' (१९८५, दुसरी आवृत्ती १९९६) हे पुस्तक लिस्पच्याच स्कीम या बोलीवर आधारलेले आहे. त्याची मांडणी आम्हांला अजूनही आदर्श वाटते. पहिल्या दोन प्रकरणांत काहीही बदलण्याची मुभा नाही. बदल तिसऱ्या प्रकरणात येतो, आणि येताना किंमत सांगून येतो : आजवर दोन याद्या 'सारख्या' आहेत की 'एकच' आहेत याने फरक पडत नव्हता, आता पडतो. पेट्या आणि बाण यांच्या आकृत्या तर प्रत्येक शिक्षकाने पाहाव्यात अशा आहेत. स्कीममध्ये बदल करणाऱ्या फंक्शनच्या नावाअखेर उद्गारचिन्ह लावण्याचा रिवाज आहे : 'सेट-कार!', 'सेट-कुडर!'. धोक्याची पाटी नावातच आहे.

आमची तक्रार एवढीच, की या पुस्तकातील विद्यार्थी बदल स्वतःच्या हाताने करतो. घाव कुठे बसला हे त्याला दिसते. प्रत्यक्ष कामात घाव दुसऱ्याने लिहिलेल्या फंक्शनच्या पोटात असतो आणि आपण त्याला फक्त नावाने ओळखतो. आमच्या 'सॉर्ट'चे तेच झाले. पेट्या-बाण काढता येणाऱ्या विद्यार्थ्यालाही, आकृती कुठे काढायची हे आधी सुचावे लागते.

पॉल ग्रॅहॅम यांचे कॉमन लिस्पवरील पुस्तक (१९९६) सुटसुटीत आहे, आणि बाराव्या प्रकरणात सामायिक रचनेचे विवेचन स्वच्छ आहे. पण 'सॉर्ट' तिसऱ्याच प्रकरणात भेटते. तेथे सावधगिरीची सूचना आहे, कारण मात्र पुष्कळ पुढे. कारणाविना दिलेली सूचना विद्यार्थी पाठ करतो आणि विसरतो. आम्हीही ती वाचली होती.

पीटर सायबेल यांच्या 'प्रॅक्टिकल कॉमन लिस्प' (२००५) या पुस्तकाने एक उपयोगी भेद केला आहे. यादी मोडणारी फंक्शने दोन हेतूंची असतात, असे ते म्हणतात. काहींचा हेतूच बदल करणे हा असतो. काहींचा हेतू फक्त उत्तर देणे हा असतो, आणि जुन्या पेट्या ती काटकसर म्हणून पुन्हा वापरतात. 'सॉर्ट' आणि 'डिलीट' दुसऱ्या गटातली. त्यांनी जुनी यादी कोणत्या अवस्थेत सोडली याची चौकशीच करायची नसते, फक्त परत आलेले उत्तर घ्यायचे. जुने घर पाडून त्याच विटांचे नवे घर बांधावे तसे हे आहे. पत्ता नव्या घराचा घ्यायचा असतो. आम्ही जुन्या घरी पत्र टाकले. तिन्ही पुस्तकांत हा दोष समजण्यासाठी आम्हांला हा भेद सर्वांत उपयोगी वाटतो.

भाषेवरील आक्षेप

पण सगळी जबाबदारी पुस्तकांवर टाकणे योग्य नाही. कॉमन लिस्पने नावे ठेवताना वाचणाऱ्याची सोय पाहिलेली नाही. 'रिव्हर्स' नवी यादी देते, 'एनरिव्हर्स' जुनी मोडते. येथे निदान 'एन' हे अक्षर खुणेसारखे आहे, जरी त्याचा अर्थ 'नव्या पेट्या न बनवणारे' असा, म्हणजे धोक्याऐवजी काटकसर सांगणारा, लावला जातो. 'रिमूव्ह' जुन्या यादीला धक्का लावत नाही, 'डिलीट' लावते. या दोन शब्दांच्या अर्थांत असा फरक कोठेच नाही. आणि 'सॉर्ट'च्या नावावर तर कसलीच खूण नाही. प्रमाणपत्रक 'सॉर्ट'ला जुनी यादी कशीही सोडण्याची मोकळीक देते. त्यामुळे एका यंत्रावर योगायोगाने चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर चुकते.

पायथनने येथे शहाणपणा दाखवला आहे. यादीचा क्रम जागेवरच बदलणारी 'सॉर्ट' ही क्रिया तेथे उत्तर म्हणून यादी देतच नाही, 'नन' देते. नवी यादी हवी तर 'सॉर्टेड' वापरायचे. आमची चूक पायथनमध्ये पहिल्याच ओळीला उघडी पडली असती. तरी बाकीचे खड्डे तेथेही आहेत. 'ब = अ' लिहिले की दोन याद्या होत नाहीत, एकाच यादीला दोन नावे होतात. तीन शून्यांची ओळ 'गुणिले तीन' करून कोष्टक बनवले की तीन ओळी बनत नाहीत, एकच ओळ तीनदा दिसते. एका घरात ५ लिहिला की तिन्ही ओळींत ५ उमटतो. बारावीच्या प्रयोगवहीत हे आम्ही पाहिले आहे.

काही भाषांनी मुळावरच घाव घातला. रॅकेटने (तेव्हाचे नाव पीएलटी स्कीम) २००८ मधील चौथ्या आवृत्तीपासून साध्या पेट्या अपरिवर्तनीय केल्या. २००७ मध्ये आलेल्या क्लोजर या लिस्पच्या बोलीत याद्या मुळातच बदलत नाहीत. रस्ट ही भाषा एका वेळी अनेक वाचणारे किंवा एकच बदलणारा, असा नियम आज्ञावली चालण्यापूर्वीच तपासते. यावर जुने लिस्पकार म्हणतील, की प्रत्येक वेळी प्रत काढणे महाग पडते. ३२,७६८ शब्दांच्या यंत्रावर ते अगदी खरे होते. आजही फार मोठ्या माहितीसाठी त्यात तथ्य आहे. आमच्या पाच आकड्यांसाठी नाही.

आमच्या मते व्यवहारी नियम एकच आहे. जी यादी आपण आत्ताच बनवली आणि अजून कोणालाही दिलेली नाही, तीच मोडावी. फंक्शनमध्ये उत्तर उलट क्रमाने जमवून शेवटी 'एनरिव्हर्स' करणे म्हणूनच सुरक्षित आहे. बाहेरून हातात आलेली यादी ही दुसऱ्याची समजावी, आणि बदलायची असेल तर आधी तिची प्रत काढावी.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. पाच विद्यार्थ्यांच्या हाती २४, २६, ३१, २७, २२ अशी कार्डे द्या. प्रत्येकाने उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवावा. सहावा विद्यार्थी 'नोंदी' हे नाव. त्याने २४ च्या खांद्यावर हात ठेवावा आणि काही झाले तरी काढू नये. आता कोणीही जागा न सोडता, फक्त खांद्यांवरील हात बदलून, चढता क्रम लावा. मग 'नोंदी'ला विचारा, तुझ्या यादीत कोण कोण आहे? तो हातांच्या मागाने वाचत जाईल, आणि २२ चे कार्ड धरलेला विद्यार्थी सर्वांदेखत वगळला जाईल. यानंतर पहिले कार्ड २२ चे ठेवून हाच खेळ पुन्हा करा. या वेळी कोणीच वगळला जाणार नाही. चाचणीत चूक का सापडली नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आमचे चार पानांचे टिपण आम्ही फाडून टाकले नाही. त्यावर लाल शाईने ती बेरीज लिहून ठेवली आहे. नवा विद्यार्थी कामाला आला की त्याला ते आधी वाचायला देतो आणि काय पटले ते विचारतो. बहुतेकांना ढगांचे कारण पटते. मग आम्ही त्याच्यापुढे पाच आकडे आणि एक पेन्सिल ठेवतो.